जपानी दर्यावरची निशाणे: नौकांच्या पताका इतक्या साध्या का असतात?

मुक्काम_कोबे (धागाकर्ता)

गेली तीन वर्षे मी नोकरीनिमित्त कोबे येथे राहतो. निशिनोमियाचे नौका-बंदर इथून लोकलने वीस मिनिटांवर आहे आणि रविवारी सकाळी तिथल्या धक्क्यावर जाऊन बसणे हा माझा बिनखर्चाचा विरंगुळा झाला आहे. जपानीत शिडाच्या लहान होडीलाही 'योत्तो' म्हणतात, त्यामुळे 'यॉट' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येणारा श्रीमंती थाट इथे फारसा दिसत नाही. शाळेतली मुलेसुद्धा योत्तो घेऊन पाण्यात उतरलेली असतात.

सुरुवातीला मी होड्या पाहत असे, आता त्यांच्यावरच्या पताका पाहतो. नौकाविहार मंडळाच्या पताकेला 'बर्जी' म्हणतात. ती बहुधा त्रिकोणी असते, क्वचित दुटोकी असते, आणि डोलकाठीच्या टोकावर किंवा उजव्या बाजूच्या आडव्या दांडीखाली लावली जाते. राष्ट्रध्वज पिछाडीला असतो. ही सगळी रीत युरोपातून आलेली आहे. योकोहामा बंदर परकीयांना खुले झाल्यावर तिथे स्थायिक झालेल्या परदेशी लोकांनी १८८६ मध्ये शिडांच्या होड्यांचे मंडळ काढले, आणि बर्जीचा त्रिकोण अशाच मंडळांबरोबर जपानी किनाऱ्यावर उतरला.

माझी शंका अशी आहे. माझ्या वहीत आतापर्यंत तीसेक पताकांची चित्रे जमली आहेत. त्यांतील बहुतेकांवर एक जमीन, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग, आणि एक खूण एवढाच ऐवज आहे. निळ्यावर पांढरी लाट, पांढऱ्यावर लाल तारा, फार तर एखादे अक्षर, बस्स. मंडळाचे पूर्ण नाव लिहिलेली पताका मला एकदाच दिसली आणि ती वाचायला मला होडीला हात लागेल इतके जवळ जावे लागले. हा साधेपणा केवळ समुद्राची गरज म्हणून आलेला आहे, की त्यामागे जपानी चिन्हांची काही जुनी शिस्त आहे? राष्ट्रध्वज तर या शिस्तीचा कळसच म्हणायचा, कारण पांढऱ्या आयताच्या बरोबर मध्यभागी एक लाल वर्तुळ यापलीकडे त्यात काहीच नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_खलाशी

धागा आवडला. व्यापारी जहाजांवर बत्तीस वर्षे काढल्यामुळे बावटा हा विषय माझ्या हाडात मुरलेला आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो आणि सुरुवात एका दुरुस्तीने करतो.

'बरोबर मध्यभागी' हे आजच्या ध्वजाबद्दल खरे आहे, पण जुन्या ध्वजाबद्दल नाही. जपानच्या ध्वजाची मापे पहिल्यांदा १८७० च्या सरकारी फर्मानाने ठरली आणि ते फर्मान व्यापारी जहाजांसाठी होते. म्हणजे हा ध्वज कायद्यात आला तो जहाजाचे निशाण म्हणूनच. त्यात उंची आणि लांबी यांचे प्रमाण ७:१० होते, वर्तुळाचा व्यास उंचीच्या तीन-पंचमांश होता, आणि वर्तुळाचे केंद्र ध्वजाच्या लांबीच्या एक-शतांशाने काठीकडे सरकवलेले होते. १३ ऑगस्ट १९९९ च्या कायद्याने प्रमाण २:३ केले आणि वर्तुळ मधोमध आणले, मात्र जुन्या मापाचा ध्वजही तूर्त चालेल अशी सवलत ठेवली. त्यामुळे आपल्या धक्क्यावर आजही दोन्ही प्रकारचे ध्वज सापडू शकतील.

एक-शतांश म्हणजे १०० सेंटिमीटर लांब ध्वजात अवघा एक सेंटिमीटर. लांबून पाहणाऱ्याला तो कळणारही नाही. पण सरकवण्याची कल्पना समुद्रावर वावरलेल्या माणसाला लगेच पटते. वाऱ्यावर फडकणाऱ्या कापडाची काठीकडची बाजू ताणलेली राहते आणि मोकळी बाजू सतत दुमडत असते, त्यामुळे मोजपट्टीने मधोमध असलेले चिन्ह डोळ्याला शेपटाकडे गेल्यासारखे भासते. दुसरी गोष्ट म्हणजे बावटा कायम मोकळ्या टोकाकडून झिजतो. आधी शिवण उसवते, मग कडेच्या दशा होतात, आणि मग आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, कात्रीने तेवढा भाग कापून नवी कड दुमडून शिवून टाकतो. असे दोनतीनदा झाले की ध्वज आखूड होतो आणि मधले चिन्ह खरोखरच शेपटाजवळ येते. जहाजावरच्या बावट्याचे आयुष्य असे कापले-शिवले जाण्यात सरते. ज्याच्या शेपटाकडे नक्षी आहे तो बावटा पहिल्याच पावसाळ्यात निकामी होतो.

तेव्हा आपल्या शंकेचे अर्धे उत्तर माझ्यापुरते असे: समुद्रावर निशाण वाचायचे असते ते दुर्बिणीतून, डोलणाऱ्या फलाटावरून, आणि बहुतेक वेळा प्रकाशाच्या विरुद्ध. एक जमीन आणि एक खूण याहून जास्त काही ठेवले तर ते वाचताच येत नाही.

आडवा_उभा

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी मी पुढे होतो. माझा व्यवसाय बोधचिन्हे करण्याचा आहे, त्यामुळे पक्षपात गृहीत धरावा.

जपानी घराण्यांची 'मोन' नावाची कुलचिन्हे असतात. युरोपातील घराण्यांच्या ढालींवर सिंह, मुकुट, पट्टे आणि ब्रीदवाक्ये यांची गर्दी असते. मोनमध्ये बहुधा एकच पान, फूल किंवा आकृती असते, ती एकाच रंगात काढता येते आणि वर्तुळात बसते. किमोनोच्या पाठीवर, कंदिलावर, तंबूच्या पडद्यावर तीच आकृती लहानमोठी करून वापरता येते. ज्या समाजाच्या हाताला शतकानुशतके ही सवय आहे, त्याला जहाजासाठी निशाण करा म्हटले तर तो वेगळे काय करणार?

सर्वांत ओळखीचे उदाहरण मित्सुबिशीचे आहे. ते तीन लाल समभुज चौकोन आज आपण मोटारींवर पाहतो, परंतु ते मुळात जहाजांच्या निशाणावरचे चिन्ह आहे. १८७० च्या सुमारास तोसा प्रांतातील इवासाकी यातारो ज्या जहाज-कंपनीचा कारभार पाहत होते, तिच्या जहाजांवर ते फडकत असे. इवासाकी घराण्याचे एकावर एक तीन चौकोनांचे मोन आणि तोसाच्या यामाउची सरदारांचे ओकच्या तीन पानांचे मोन यांची ती सांगड आहे. 'मित्सु' म्हणजे तीन आणि 'हिशी' म्हणजे शिंगाडा. होय, उपवासाचा शिंगाडा! त्याच्या कोनदार आकारावरून जपानीत समभुज चौकोनालाही हिशीच म्हणतात. आमच्या घरी एकादशीला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा होत असताना मी हे सांगितले, तेव्हा आईने 'म्हणजे गाडीवर शिंगाडे काढलेत?' असे विचारून विषय संपवला.

दुसरे उदाहरण मला याहून श्रेष्ठ वाटते. १८८५ मध्ये मित्सुबिशीची टपाल-जहाज कंपनी आणि तिची कट्टर स्पर्धक क्योदो उन्यु यांचे विलीनीकरण होऊन निप्पोन युसेन काइशा ही कंपनी जन्मली. तिचे निशाण म्हणजे पांढऱ्यावर दोन आडव्या लाल रेघा. दोन कंपन्या एकत्र आल्या म्हणून दोन रेघा, आणि जहाजांचे मार्ग पृथ्वीला वळसा घालतील हा त्यांतला मनोदय. जपानीत त्याला 'निबिकी' म्हणतात, म्हणजे 'दोन रेघा ओढलेले'. यात वर्तुळ नाही, पान नाही, अक्षरही नाही. एखाद्या विद्यार्थ्याने मला हे चिन्ह आणून दाखवले असते तर मी कदाचित 'पुढे काय?' असे विचारले असते, आणि माझी चूक झाली असती.

मुंबईकरांसाठी थोडे अवांतर: हे निशाण मुंबईच्या बंदराला फार जुने परिचित आहे. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी याच कंपनीचे 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईला निघाले आणि जपानची दूर पल्ल्याची पहिली नियमित जहाजसेवा सुरू झाली. ओसाकाच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस हवा होता, वाहतुकीवर पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीची पकड होती, आणि ती सोडवण्यासाठी जमशेटजी टाटा जपानी मंडळींच्या बरोबरीने उतरले होते.

कोर्लईकर

आपण सगळे एकोणिसाव्या शतकापासून सुरुवात करत आहात, म्हणून मी थोडे मागे नेतो.

सेतो अंतर्समुद्रात, म्हणजे धागाकर्ते जिथे बसतात तिथून पश्चिमेला, सोळाव्या शतकात मुराकामी घराण्याच्या आरमाराचा अंमल होता. नोशिमा, कुरुशिमा आणि इन्नोशिमा या बेटांवर त्याच्या तीन शाखा होत्या. जपानी त्यांना 'सुइगुन' म्हणतात, म्हणजे पाण्यावरची फौज. ज्यांची जहाजे अडवली जात ते अर्थातच त्यांना चाचे म्हणत. या मंडळींकडून जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना परवाना मिळत असे, आणि तो परवाना म्हणजे एक निशाण असे. नोशिमाच्या मुराकामी ताकेयोशी यांच्या नावाचे १५८१ सालचे निशाण आजही शिल्लक आहे. रेशमी कापडाच्या मधोमध एकच भले मोठे अक्षर आहे, 'कामी', म्हणजे 'वर'. मुरा-कामी या आडनावाचे ते दुसरे अक्षर. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत परवाना कोणाला दिला त्याचे नाव, तारीख आणि ताकेयोशी यांची सही आहे.

कान्होजी आंग्रे यांचे दस्तक आणि पोर्तुगीजांचे कार्ताज हे सागरी परवाने ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यातली गोम चटकन कळेल. आपल्याकडे दस्तक हा कागद होता, तो पाहायला जहाज थांबवावे लागे. मुराकामींचा कागदच काठीवर चढवलेला होता. मोठे अक्षर लांबून पाहणाऱ्या पहारेकऱ्यासाठी आणि बारीक अक्षरे जवळ येऊन तपासणाऱ्यासाठी, अशी एकाच कापडावर दोन अंतरांची सोय केलेली होती. जुना_खलाशी यांनी दुर्बिणीचा मुद्दा मांडला आहे, त्याला हा पुरावा घ्यावा.

मुक्काम_कोबे

कोर्लईकर, दोन अंतरांची ही कल्पना माझ्या डोक्यात घर करून बसली आहे. त्या दृष्टीने राष्ट्रध्वजाचा जन्मही पाहण्यासारखा आहे. १८५३ मध्ये अमेरिकेची काळी जहाजे आली, मोठी जहाजे बांधण्यावरची बंदी उठली, आणि आपले जहाज कोणते व परक्याचे कोणते हे लांबून कळावे म्हणून १८५४ मध्ये शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने सर्व जपानी जहाजांना एक समान खूण ठरवून दिली. सरकारच्या मनात आधी पांढऱ्या कापडावर मधोमध काळा पट्टा होता. सात्सुमाचे सरदार शिमाझु नारिआकिरा आणि मितोचे सरदार तोकुगावा नारिआकि यांनी सूर्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. १८६० मध्ये 'कानरिन मारू' हे जहाज प्रशांत महासागर ओलांडून सान फ्रान्सिस्कोला पोहोचले ते हेच निशाण लावून. जुना_खलाशी, दुरुस्तीबद्दल आभार. पुढच्या रविवारी मोजपट्टी घेऊन जाईन.

निळाई

इतका वेळ सगळे साधेपणाचे गोडवे गात आहेत म्हणून मी विरोधी पक्षात बसते. त्याच निशिनोमियापासून कोणत्याही कोळीवाड्याकडे वळा आणि तिथले 'ताइर्यो-बाता' पाहा, म्हणजे सिद्धांत डळमळेल.

ताइर्यो-बाता म्हणजे भरघोस मासळीचे निशाण. नवी मासेमारी नौका पाण्यात उतरते तेव्हा नातेवाईक, मित्र आणि व्यापारी ती मालकाला भेट देतात. जाळे भरून परतताना किंवा नववर्षाला ती एकदम वीस-पंचवीस लावली जातात. त्यांच्यावर काय नसते? उगवता सूर्य, फुटणाऱ्या लाटा, बगळ्यासारखा त्सुरू पक्षी, कासव, धनाने भरलेले गलबत, काखेत मासा धरलेला एबिसु देव, आणि या सगळ्यावरून ठसठशीत अक्षरांत नौकेचे नाव. मासा बहुधा 'ताई' असतो, कारण 'मेदेताई' म्हणजे मंगल, आणि त्या शब्दातच ताई पोहतो आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे सर्व रंग शेजारीशेजारी असतात आणि कोणी कोणाला जागा देत नाही.

मी कापडावरच्या छपाईचे काम करते, म्हणून कृतीबद्दल दोन शब्द. सुती कापड ताणून त्यावर आकृती उतरवतात. तांदळाची चिकट खळ शंकूच्या आकाराच्या पिशवीत भरतात, आपण मेंदीचा कोन धरतो तशी ती धरून रेघांवरून खळ सोडतात, आणि मग मधल्या जागांत कुंचल्याने रंग भरतात. खळ रंगांना एकमेकांत मिसळू देत नाही. शेवटी कापड धुतले की खळ निघून जाते आणि प्रत्येक रंगाभोवती पांढरी रेघ राहते. लांबून ही निशाणे इतकी लखलखीत दिसतात त्याचे श्रेय त्या पांढऱ्या रेघेला आहे. बाटिकमध्ये मेण जे करते ते इथे भात करतो. बोसो द्वीपकल्पात मोठी मासळी लागल्यावर जाळ्याचे मालक खलाशांना 'माइवाई' नावाचे रंगीत झगे बक्षीस देत, ही निशाणे त्याच घराण्यातली आहेत.

ईशान्येकडच्या केसेन्नुमा बंदरात तर यांना 'फुराइकी' म्हणतात. मूळ शब्द इंग्रजी 'फ्लॅग', पण लिहिताना 'भाग्य येते ते निशाण' अशा अर्थाची अक्षरे वापरतात. नौका लांबच्या मोहिमेवर निघते तेव्हा धक्क्यावरची माणसे ही निशाणे हलवून तिला निरोप देतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्यांवर पताकांची गर्दी होते, तेव्हा तिथेही कोणी 'एक जमीन, एक खूण' असा नियम पाळत नाही. तेव्हा साधेपणा हा जपानी स्वभाव आहे असे सरसकट म्हणू नये.

आडवा_उभा

निळाईताई, हार मान्य. पण पूर्ण नाही. ताइर्यो-बाता कोणाला ओळख पटवून देण्यासाठी नसते. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांना ती नौका आधीच ठाऊक असते. त्यांना फक्त 'मासळी लागली' एवढे कळायचे असते, आणि ते रंगांच्या गदारोळावरूनच कळते. त्यातला कासव दिसला नाही तरी निरोप पोहोचतोच. बर्जी मात्र अनोळखी माणसाला 'आम्ही अमुक मंडळाचे' हे सांगण्यासाठी असते.

निळाई

हे मात्र पटले. तरीही कासव दिसावा अशी रंगाऱ्याची इच्छा असते, एवढे नोंदवून ठेवते.

सरळमार्गी

एक अडचणीचा प्रश्न विचारतो. उगवत्या सूर्याच्या किरणांचे निशाण कोळ्यांच्या नौकांवर चालते, मग त्यावरून वाद का होतो? आणि नौकाविहार मंडळांच्या होड्या ते लावतात का?

मुक्काम_कोबे

किरणांची आकृती मंगलचिन्ह म्हणून जुनी आहे आणि ताइर्यो-बातांवर ती सर्रास असते, हे खरे. पण सोळा किरणांचे ठरावीक निशाण १८८९ मध्ये शाही आरमाराने स्वीकारले. त्यातला सूर्य काठीकडे चांगलाच सरकवलेला आहे, इतका की तो नुसत्या डोळ्यांनीही कळतो. त्याच निशाणाखाली पुढे आक्रमणे झाली आणि कोरिया व चीनमधल्या लोकांच्या आठवणीत ते तसेच राहिले. १९४५ नंतर ते उतरले आणि १९५४ मध्ये सागरी स्वसंरक्षण दलाने पुन्हा चढवले. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाने जेजू बेटावरच्या नौदल संचलनात सहभागी देशांनी फक्त राष्ट्रध्वज लावावेत असे कळवले, तेव्हा जपानने आपले जहाज पाठवलेच नाही. मी पाहिलेल्या विहार-नौकांच्या पिछाडीला साधा राष्ट्रध्वजच असतो. माझे मत विचाराल तर कोळ्याच्या निशाणावरचा सूर्य आणि युद्धनौकेवरचा सूर्य वेगळे आहेत, पण ज्याच्या किनाऱ्यावर ती युद्धनौका आली होती त्याने ते वेगळे मानावेत असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जुना_खलाशी

धाग्याला साजेशी आणखी एक गंमत. एकच बावटा माणसागणिक किती वेगळे बोलतो ते जहाजांच्या संकेत-बावट्यांतील 'झेड' या अक्षराच्या बावट्यावरून कळते. कर्णांनी चार त्रिकोण केलेले, काठीकडे काळा, वर पिवळा, शेपटाकडे निळा, खाली लाल. २७ मे १९०५ रोजी रशियन आरमाराविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईआधी ॲडमिरल तोगो यांनी 'मिकासा' जहाजावर तो चढवला, तेव्हा ताफ्याच्या संकेतवहीत त्याचा अर्थ होता की साम्राज्याचे भवितव्य या एका लढाईवर अवलंबून आहे, प्रत्येकाने पराकाष्ठा करावी. 'मिकासा' आज योकोसुका येथे जतन केलेले आहे. तोच बावटा आमच्या आंतरराष्ट्रीय संकेतवहीत म्हणतो, 'मला टग (ओढबोट) हवी आहे.' मासेमारीच्या ठिकाणी कोळ्याने लावला तर अर्थ होतो, 'मी जाळे टाकतो आहे.' आणि शिडांच्या शर्यतीत पंचांच्या नौकेवर तो दिसला, तर सुरुवातीच्या आधीच्या शेवटच्या मिनिटात जो सुरुवातीची रेघ आणि पहिली खूण यांमधल्या त्रिकोणात घुसेल त्याला वीस टक्के गुणांचा दंड. ज्या एनोशिमाला १९६४ आणि २०२१ अशी दोनदा ऑलिंपिकची शिडे लागली, तिथून योकोसुका फार दूर नाही. अर्थ मात्र पराकाष्ठेपासून दंडापर्यंत गेला.

मुक्काम_कोबे

कबूल केल्याप्रमाणे आज मोजपट्टी घेऊन गेलो होतो. धक्क्यावरच्या एका वयस्क गृहस्थांना 'ध्वज मोजू का?' असे विचारले, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग मोजपट्टीकडे पाहिले. कारण सांगितल्यावर मात्र त्यांना फारच मौज वाटली. त्यांच्या नौकेच्या पिछाडीचा ध्वज ७० बाय १०५ सेंटिमीटर, म्हणजे २:३, आणि वर्तुळ दोन्ही कडांपासून सारख्याच अंतरावर. नवा कायदा.

मग ते खाली केबिनमध्ये गेले आणि घडी घातलेला एक जुना ध्वज घेऊन आले. तो त्यांच्या आधीच्या होडीवरचा होता. उंची ७० आणि वर्तुळाचा व्यास ४२ भरला. काठीकडच्या कडेपासून वर्तुळापर्यंत २८. जुन्या मापाप्रमाणे शेपटाकडे ३० भरायला हवे होते. मी तीनदा मोजले, २७ च भरले. कापड उलटून पाहिले तर मोकळ्या कडेला दुमड एकावर एक दोनदा घातलेली होती आणि दुसऱ्या शिवणीचा दोरा वेगळ्या रंगाचा होता.

जुना_खलाशी

तीन सेंटिमीटर म्हणजे दोन वेळा कापला. चांगला वापरलेला दिसतो.